पाव पाव करत पुलापर्यंत

आमच्या गावभागातल्या घरापासून आयर्विन पुलापर्यंत चालत जायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. टिळक चौक ओलांडला की पूल. सांगलीकराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १९२९ सालचा हा पूल, आणि पावसाळ्यात अख्खं गाव त्याच्याखालच्या कृष्णेच्या पातळीकडे डोळे लावून बसतं. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तर ते ५७ फुटांच्याही वर चढलं होतं. मधली काही वर्षं मला हा पूल फक्त अशा आकड्यांतूनच भेटत होता. पुराचा त्याच्याशी संबंध नव्हता. मला घराबाहेर पडण्याची भीती बसली होती आणि दहा-पंधरा मिनिटांवरचा पूल माझ्या आवाक्यातून गेला होता.

सुरुवात मिरजेच्या बसमध्ये झाली. विश्रामबाग मागे पडलं आणि एकाएकी छातीत धडधड वाढली, बोटांना मुंग्या आल्या, कानात गच्च दडे बसले. आता आपण इथेच मरणार, हे इतकं स्पष्ट वाटलं की शेजारच्या बाईंचा हात मी घट्ट धरला. मिरजेत ईसीजी झाला, टूडी इको झाली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. “तुम्हाला काही झालेलं नाही” हे वाक्य दिलासा म्हणून सांगितलं जातं, पण ज्याला झालेलं असतं त्याला ते ऐकून आणखी एकटं वाटतं.

मग बस सुटली. मग रिक्षा. मग मारुती रोडवरची गर्दी, बँकेतली रांग, हॉलमधलं लग्न, शेवटी कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ही भीती बाहेरच्या जगाची असते असं लोक समजतात, तसं नाही. तिथे मला काही झालं आणि पटकन घरी येता आलं नाही तर काय, याची ती भीती. म्हणून मोकळं मैदानही नको वाटतं आणि बंद लिफ्टही. प्रत्येक वेळी आपण परत फिरतो, घरात शिरल्यावर हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला पक्कं करत जातं. १८७१ साली बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल नावाच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांना शहरातला चौक ओलांडता येत नव्हता. सोबत कोणी असलं, किंवा हातात नुसती काठी असली, तरी त्यांना पार जाता येई. हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी माणसांबद्दल फार माया वाटली. मीसुद्धा ऊन-पाऊस काही नसताना छत्री घेऊन निघत असे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे मला नवऱ्यानं नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅगोराफोबिया, गोळी सुरू केली आणि म्हणाले, ज्या जागांची भीती वाटते तिथे थोडं थोडं जायला लागा. गोळीनं झटके कमी झाले. पण “थोडं थोडं” म्हणजे किती, कसं, आणि जमलं नाही तर काय करायचं, हे सांगायला त्या गर्दीच्या ओपीडीत वेळ नव्हता. ही उणीव भरून काढली ती एका वैद्यबाईंनी, आणि त्या आमच्या घरी आल्या होत्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी.

सासूबाईंना तेल लावून झालं की त्या स्वयंपाकघरात चहाला बसत. एकदा मला म्हणाल्या, “अगं, तू बाहेर कधी दिसतच नाहीस.” मी सगळं सांगितलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट साफ होतं का, झोप किती वाजता मोडते ते विचारलं. मग विचारलं, “ज्या दिवशी बाहेर जायचं असतं, त्या दिवशी सकाळपासून पोटात काय जातं, ते क्रमानं सांग.”

क्रमानं सांगायला लागल्यावर माझं मलाच नवल वाटलं. चहा. नऊच्या सुमारास परत चहा. पाणी नाही, कारण वाटेत बाथरूम लागली तर कुठे जायचं. जेवण नाही, कारण मळमळलं तर. आणि आदल्या संध्याकाळी? चहा आणि वाटीभर भडंग. सांगलीच्या घरात डबा भरलेला असतोच, आणि जेवण नकोसं झालेल्या माणसाला ते कुरकुरीत, तिखट, कोरडं खाणं बरं वाटतं.

“मग चक्कर येणार नाही तर काय होईल?” त्या म्हणाल्या. “अशा पोटी कुणालाही उन्हात उभं केलं तर धडधडेल. तुझ्या मनाला वाटतं तो झटकाच आला.”

हे इतकं साधं होतं आणि तोवर कुणी विचारलं नव्हतं. रिकाम्या पोटी दोन चहा, पाणी नाही, अपुरी झोप, यांनी शरीर आधीच थरथरत असतं. भीती त्या थरथरीवर येऊन बसते. आयुर्वेदाच्या भाषेत हे सगळं वाताचं, म्हणजे शरीरातल्या वायूचं खातं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानं वायूचे गुण सांगितलेत ते असे: रूक्ष, लघु, शीत, खर, सूक्ष्म, चल. माझा दिवसाचा आहार त्या यादीशी ताडून पाहावा, सगळं कोरडं, हलकं, खरखरीत. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थान नावाच्या भागातल्या बाराव्या अध्यायात वायूला मनाचा ‘नियन्ता प्रणेता च’ म्हटलं आहे, म्हणजे मनाला आवरणाराही तोच आणि चालवणाराही तोच. उत्साहाचं मूळही तोच. आणि तोच बिघडला की भय, शोक, मोह, दैन्य उत्पन्न करतो आणि ‘प्राणांश्चोपरुणद्धि’, प्राण कोंडतो. बसमधल्या त्या दुपारचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

त्याच सूत्रस्थानातला सातवा अध्याय वैद्यबाईंनी मला वाचून दाखवला आणि पुढची सगळी वाट तिथून निघाली. त्या अध्यायात दोन प्रकारचे वेग, म्हणजे शरीराच्या आणि मनाच्या ऊर्मी, सांगितले आहेत. लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप असे तेरा वेग अडवायचे नाहीत. आणि लोभ, शोक, भय, क्रोध यांसारखे मनाचे वेग मात्र आवरायचे. माझं बरोबर उलट चाललं होतं. भयाला मोकळी वाट आणि तहान, भूक, लघवी दिवसभर कोंडलेली. “आधी हे सरळ करू,” त्या म्हणाल्या, “बाहेर जायचं नंतर बघू.”

पुढचे काही आठवडे मी उंबरठाही ओलांडला नाही, आणि पहिल्यांदाच त्याची लाज वाटली नाही, कारण घरातच उपचार चालू होते. सकाळी उठल्यावर कोमट पाणी. चहा एकच, तोही काहीतरी खाल्ल्यावर. अकराच्या आत गरम जेवण: मऊ भात, मुगाचं वरण, वर तुपाची धार, एखादी फळभाजी. भडंगाचा डबा वरच्या फळीवर. रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि दहाला दिवा बंद. नाकात रोज साजूक तुपाचे दोन-दोन थेंब.

आणि तेल. वाग्भटानं अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, रोज करावा असं सांगून डोकं, कान आणि तळपाय यांना तो विशेष करावा असं म्हटलंय, आणि त्याच्या गुणांत ‘स्वप्न’, म्हणजे चांगली झोप, मोजली आहे. सकाळी अंघोळीआधी कोमट तिळाचं तेल मी स्वतः लावत असे. रात्रीचे पाय मात्र सासूबाईंनी आपल्याकडे घेतले. त्यांच्या माहेरची काशाची वाटी होती, बूड गुळगुळीत झालेली, काठाला एक बारीक चीर. माझ्या तळपायाला तूप लावून त्या ती वाटी टाचेपासून बोटांपर्यंत फिरवत, घाई न करता, एका बाजूला टीव्हीवरची मालिका बघत. थोड्या वेळानं तूप काळंभोर होई. “बघ, किती उष्णता निघाली,” त्या म्हणत. ते काळेपण काशाच्या धातूमुळे येतं हे मला माहीत होतं, पण वाद घालावासा वाटला नाही. दिवसभर मानेत, जबड्यात, पोटऱ्यांत घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी त्या वाटीखाली सुटत जाई, आणि स्वतःचे दुखरे गुडघे दुमडून बसलेली ती बाई माझे पाय मांडीवर घेऊन आहे, याचाही त्यात मोठा वाटा होता. डावा पाय व्हायच्या आत डोळे मिटायला लागत.

औषधाबद्दल नीट लिहायला हवं, कारण लोक आधी तेच विचारतात. वैद्यबाईंनी मला काही काळ ब्राह्मी घृत, म्हणजे ब्राह्मीचं औषधी तूप, दिलं. अश्वगंधा दिली नाही, कारण मला थायरॉईडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेचा थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो. गरोदरपणात ती घेऊ नये आणि काही जणांच्या यकृताला तिनं इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२३ साली डेन्मार्कनं तिच्यावर बंदीच घातली. अश्वगंधा आणि ब्राह्मी यांच्यावर काही चांगले अभ्यास झालेत, पण ते लहान आहेत आणि बहुतेक साधारण ताण-चिंतेवरचे आहेत. ‘भीती मुळापासून घालवणारं चूर्ण’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात तेव्हा मला संताप येतो. ज्याला दाराबाहेर जाता येत नाही तो घरबसल्या कुरिअरनं काहीही मागवेल, हे ओळखून त्या केलेल्या असतात. घरात येणाऱ्या पुडीत काय आहे हे माहीत नसेल तर ती घेऊ नये. आणि मानसोपचाराची गोळी स्वतःच्या मनानं तर कधीच बंद करू नये. वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी माझी चिठ्ठी बघून सांगितलं होतं, “ही चालूच राहील. ती कमी कधी करायची ते त्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही.” ज्या वैद्यानं हे सांगितलं नसतं त्याच्यावर मी विश्वास ठेवला नसता.

चरकानं उपचारांचे तीन प्रकार सांगितलेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, व्रत, देवाचं करणं. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषधाची योजना. आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर गोष्टींपासून मन आवरणं. घरात या तिन्हीला जागा होती. सासूबाई अथर्वशीर्ष म्हणत, तेल-तूप चालू होतं. तिसरा भाग सगळ्यांत अवघड, आणि आयुर्वेद म्हटलं की तेल, शिरोधारा आणि काढ्यापाशीच थांबणाऱ्या लोकांना तो ठाऊकही नसतो. तेलानं माझी झोप सुधारली, पण तेल कुणाला टिळक चौक ओलांडून देत नाही. तो पायांनीच ओलांडावा लागतो.

कसा, याचं उत्तर त्याच सातव्या अध्यायात आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट सोडायची आणि हितकर धरायची तर एकदम नाही, क्रमानं. ‘क्रमः पादांशिको भवेत्’, चौथ्या-चौथ्या हिश्शानं. एक पाव सोडायचं, तिथे एक पाव नवं घालायचं, त्यावर काही काळ थांबायचं, मग पुढचं पाव, आणि थांबण्याची मुदत वाढवत न्यायची. पुढे म्हटलंय की क्रमानं कमी झालेले दोष परत येत नाहीत आणि क्रमानं मिळवलेले गुण ‘अप्रकम्प्य’ होतात, हलवले तरी हलत नाहीत. हा उपदेश मुळात खाण्यापिण्याच्या आणि वागण्याच्या सवयींबद्दलचा आहे. घरात बसणं हीदेखील अंगवळणी पडलेली अहितकर गोष्टच, असं धरून तो माझ्या भीतीला लावणं ही वैद्यबाईंची युक्ती. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं तेव्हा ते हसून म्हणाले, “मी हेच सांगत होतो, फक्त तुम्हाला मोजमाप मिळालं.”

घर ते पूल या वाटेचे आम्ही चार भाग केले. बोळाचं तोंड, किराणा दुकान, टिळक चौक, पूल. निघण्याच्या दोन तास आधी जेवण, निघताना पाणी, बाथरूमला जाऊन येणं. आणि एक नियम, जो मला सगळ्यांत कठीण गेला: भीती चढत असताना मागे फिरायचं नाही. आहे तिथे उभं राहायचं, भिंतीला टेकायचं, हवं तर खाली बसायचं, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. भय हा वेग आहे. तो काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. ओसरल्यावर खुशाल घरी जायचं. घरी परतणं चालेल, पळून येणं नको.

पहिल्या पावाला नवरा बरोबर होता. चरकानं माणसांच्या सत्त्वाचे, म्हणजे मनोबलाचे, प्रवर, मध्य आणि अवर असे तीन दर्जे सांगताना मध्यम सत्त्वाच्या माणसाबद्दल लिहिलंय की तो दुसऱ्यांकडे बघून स्वतःला सावरतो, किंवा दुसरे त्याला सावरतात. हे वाचून मला फार हलकं वाटलं. सोबत लागणं हा कमकुवतपणा नव्हे. बहुतेक माणसं अशीच असतात आणि ग्रंथात त्यांची सोय केलेली आहे. पण सोबतही पावानंच कमी करायची होती. आधी तो शेजारी, मग दहा पावलं मागे, मग बोळाच्या तोंडाशी, मग घरी फोनवर, मग फोन माझ्या पिशवीत, बंद.

किराणा दुकानाचं पाव सगळ्यांत लांबलं. दुकानदार ओळखीचा, तो प्रेमानं विचारी, “काय वहिनी, बऱ्याच दिवसांनी?” आणि त्या प्रश्नानंच घाम फुटे. शेवटी मी त्याला सांगून टाकलं, मला बाहेर पडलं की भीती वाटते, मी इथे जरा उभी राहीन, लक्ष देऊ नका. त्यानं गल्ल्यामागचं स्टूल उचलून माझ्यापुढे ठेवलं आणि खरोखरच लक्ष दिलं नाही. पोत्यांतल्या हळदीचा वास, तराजूची खडखड, कुणीतरी पाव किलो शेंगदाणे मागतंय, आणि मी स्टुलावर बसून श्वास सोडते आहे. लपवण्यात जी शक्ती जात होती ती वाचली आणि पुढचं पाव सोपं झालं.

पूल मी पहिल्यांदा पार केला तेव्हा मध्यावर पाय थांबले. तिथून दोन्ही काठ सारखेच लांब, त्यामुळे मागे फिरण्यातही अर्थ नव्हता. कठड्याला हात लावून मी उभी राहिले. बाजूनं उसाचा ट्रॅक्टर गेला तेव्हा पूल पायाखाली थरथरला. क्षणभर वाटलं मीच पडते आहे. खाली कृष्णेचं पाणी हिवाळ्यातलं, संथ, हिरवट. छाती धडधडत होती आणि मला पहिल्यांदा हेही कळत होतं की ती धडधडतेय आणि मी उभी आहे, दोन्ही एकाच वेळी. मग मी सांगलीवाडीच्या बाजूला उतरले आणि तिथल्या टपरीवर चहा घेतला, पोटात भात असताना.

सगळं सरळ रेषेत झालं नाही. तापानं अंथरुण धरलं तेव्हा दोन पावं मागे गेली. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की अख्खं गाव घाबरतं आणि त्यात माझी जुनी भीती मिसळते. अशा वेळी वैद्यबाईंचं सांगणं ठरलेलं असे: तेल, वेळेवर जेवण, आणि जिथपर्यंत हमखास जमतं त्या पावावर परत यायचं. शून्यावर नाही.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना एकच विनंती: “चल गं, काही होत नाही” म्हणून ओढू नका आणि “तू बस, मी आणतो” म्हणून कायमचं बसवूही नका. दोन्ही प्रेमापोटीच होतं, आणि दोन्हीनं भीती वाढते. ज्यांना डॉक्टरांपर्यंतही जाता येत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. जे पाऊल दाराबाहेर पडत नाही त्याची सुरुवात फोनवरून होऊ शकते.

सध्या माझी गोळी डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत. ब्राह्मी घृत थांबलं, तिळाचं तेल चालू आहे. मिरजेची बस जमते, दाराजवळची जागा मिळाली तर अधिक बरी. पुढं भाचीचं लग्न आहे पुण्याला, आणि मला रेल्वेनं जायचं आहे. त्याचीही चार पावं पाडली आहेत: भिलवडी, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड, पुणे. भिलवडीला उतरून पुढच्या गाडीनं परत यायचं जमलं आहे. किर्लोस्करवाडीचं तिकीट गुरुवारी काढायचं, डब्यात गुरगुट्या भात घ्यायचा, आणि सासूबाई म्हणताहेत की या वेळी त्याही येणार.